किडनी बदलली, पण हाडांचे काय?

किडनीचे प्रत्यारोपण झाले की आजार संपला, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. भूम, परंडा, कळंब, उमरगा या भागातील रुग्ण डायलिसिससाठी महिनोन्‌महिने बार्शी, सोलापूर, लातूरच्या फेऱ्या मारतात. प्रत्यारोपणासाठी कुणी पुणे गाठतो, कुणी छत्रपती संभाजीनगर, कुणी मुंबई, तर उमरग्याकडचे लोक हैदराबादची गाडी पकडतात. घरातली आई किंवा पत्नी आपली एक किडनी देते. शेत गहाण पडते, कधी विकलेही जाते. एवढे सगळे सोसून रुग्ण घरी परततो, तेव्हा घरच्यांचे लक्ष एकाच आकड्यावर असते. तो आकडा म्हणजे क्रिएटिनिन. तो एकच्या आसपास आला की सगळे निर्धास्त होतात.

हे लक्ष योग्यच आहे. परंतु त्याच महिन्यांत, नवी किडनी उत्तम चालत असताना, त्याच माणसाची हाडे विरत जाऊ शकतात. त्याचा आकडा नेहमीच्या लॅबच्या कागदावर येत नाही. दुखत नाही, सूज येत नाही. कळते ते एकदम, म्हणजे पाण्याची कळशी उचलताना पाठीत कळ येते किंवा बांधावरून पाय घसरतो आणि खुबा मोडतो. प्रत्यारोपण झालेल्या कुटुंबांसोबत काम करताना मला जाणवलेली गोष्ट अशी की, औषधाच्या वेळा पाठ असलेल्या रुग्णालाही हाडांबद्दल कुणी काही सांगितलेले नसते. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडते आहे.

प्रत्यारोपित किडनी शरीराला परकी वाटते. शरीराची संरक्षक यंत्रणा तिच्यावर हल्ला करते. तो हल्ला थोपवण्यासाठी जी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात, त्यात बहुतेकांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असते. गावाकडे रुग्ण त्याला ‘वायसोलोन’ या कंपनीच्या नावानेच ओळखतात. शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून मोठा डोस दिला जातो, नंतर गोळ्या सुरू होतात आणि काही महिन्यांत त्या कमी करत दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आसपास आणल्या जातात. मध्येच शरीराने किडनी नाकारण्याची चिन्हे दाखवली, तर पुन्हा दोन-तीन दिवस मोठे डोस द्यावे लागतात.

स्टिरॉइड हाडे पोखरते ही काही नवी माहिती नाही. अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली काही रुग्णांचे वर्णन लिहून ठेवले होते. त्यांच्या शरीरातच हे द्रव्य जास्त तयार होत होते आणि त्यांचे मणके ठिसूळ झालेले होते. म्हणजे स्टिरॉइडची गोळी बाजारात येण्याआधीच तिचा हा गुण ठाऊक होता. पुढे १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले, अंथरुणाला खिळलेली बाई चालू लागली आणि १९५० साली त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना नोबेल मिळाले. १९५४ मध्ये बोस्टनला पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण झाले ते जुळ्या भावांमध्ये. किडनी परकी नव्हतीच, त्यामुळे अशा औषधांची गरज पडली नाही. इतरांची किडनी टिकू लागली ती साठच्या दशकात, स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिन एकत्र देता येऊ लागल्यावर. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. या औषधाने हजारो माणसे जगवली, हे आधी मान्य केले पाहिजे. त्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

आता ते हाडांचे करते काय? हाड म्हणजे दगड नव्हे. मातीच्या घराला दरवर्षी जुना पोपडा काढून नवी लिपणी करावी लागते, तसे हाडाचेही असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड कुरतडून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे भरतात. तरुणपणी काढणे आणि भरणे सारखे चालते. स्टिरॉइडमुळे भरणाऱ्या पेशी कमी होतात आणि लवकर मरतात, तर कुरतडणाऱ्या पेशी सुरुवातीच्या काळात जास्त दिवस टिकतात. पाडकाम चालू आणि गवंडी गैरहजर, अशी अवस्था होते. शिवाय आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, लघवीवाटे जास्त जाते. मांड्यांचे स्नायू अशक्त होतात, त्यामुळे पडण्याची शक्यताही वाढते.

किडनीच्या रुग्णाचे दुखणे यात दुहेरी आहे. आपण ऊन घेतले किंवा गोळी खाल्ली तरी ड जीवनसत्त्व कामाचे होते ते मुख्यतः किडनीत. किडनी बिघडली की हे काम मंदावते, रक्तात फॉस्फरस साठतो, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जोर धरतात आणि हाडातून कॅल्शियम ओढू लागतात. म्हणजे प्रत्यारोपणाच्या टेबलावर जाणारा माणूस आधीच कमकुवत हाडे घेऊन जातो. जितकी वर्षे डायलिसिसवर, तितके हे जास्त. आपल्या जिल्ह्यातील रुग्णांचा आजार पुष्कळदा उशिरा कळतो. ही उशिराची किंमतही हाडेच मोजतात.

सर्वाधिक झीज पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात होते. १९९१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात वीस प्रत्यारोपित रुग्णांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सहा महिन्यांत सरासरी सुमारे ७ टक्के घटलेली दिसली. त्या काळी डोस जास्त असत. आज टॅक्रोलिमससारख्या औषधांमुळे स्टिरॉइड लवकर कमी करता येते आणि नुकसानही कमी झाले आहे, पण थांबलेले नाही. रोजच्या ५ मिलिग्रॅमलाही धोका अगदी शून्यावर येत नाही.

झीज आधी होते ती आतून स्पंजासारख्या जाळीदार असलेल्या हाडांत, म्हणजे मणके आणि बरगड्यांत. मणका मोडतो म्हणजे तो मातीच्या ढेकळासारखा दबतो. अशा कित्येक मणक्यांचा रुग्णाला पत्ताही नसतो. पँट लांब वाटू लागते, पदर लोळू लागतो, पाठीला बाक येतो. लोक म्हणतात, ‘आजारपणानं वाळलाय.’ दुसरा प्रकार वेगळा आणि जास्त फसवा आहे. स्टिरॉइडमुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि तो भाग आतून मरतो. दुखणे जांघेत सुरू होते, कधी गुडघ्यात जाणवते, मांडी घालून बसता येत नाही. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला काहीच दिसत नाही. एमआरआय करावा लागतो. कोरोनानंतर हा प्रकार आपल्याकडे चर्चेत आला. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला यांनी स्टिरॉइड घेतलेल्या कोविड रुग्णांमध्ये तो नोंदवला होता. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना मात्र तो कित्येक दशकांपासून परिचित आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. पाठ दुखू लागली की आपला माणूस काय करतो? दवाखाना पुण्याला, एका फेरीत दोन दिवस आणि मजुरी बुडते. म्हणून तो गावातल्या किंवा तालुक्याच्या दवाखान्यात जातो आणि ‘कमरेत सुई’ घेतो. त्या सुईत बहुधा डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक असते. हीच औषधे किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. आईने दिलेली किडनी हाडाच्या दुखण्यावरच्या सुईने खराब व्हावी, यासारखे दुर्दैव नाही. काही ठिकाणी त्या सुईत आणखी स्टिरॉइडही असते. आठवडी बाजारात सांधेदुखीवर पुड्या मिळतात, त्यात स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात अनेकदा उघड झाले आहेत. दुखणे झटक्यात थांबते, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. हाडे मात्र आणखी पोखरतात. पाठ चोळून घेणे, मणका ‘बसवून’ घेणे हेही दबलेल्या मणक्यात धोक्याचे आहे. सुई देणाऱ्याला आधी सांगायचे वाक्य एकच आहे: ‘माझी किडनी बदललेली आहे.’ दुखण्यावर पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित असते, तरी तेही आपल्या किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. फोनवर विचारले तरी चालते.

शहरातल्या नोकरदाराला मणका दबल्यावर रजा मिळते. ऊसतोड, बांधकाम, हमाली, दुसऱ्याच्या रानात खुरपणी यांवर ज्यांचे घर चालते, त्यांना हाड हेच भांडवल आहे. ‘जड उचलू नका’ हा सल्ला अशा घरात पोहोचतो तेव्हा त्याचा अर्थ ‘कमवू नका’ असा होतो. डॉक्टर एका वाक्यात सांगून मोकळे होतात, त्या वाक्याची किंमत घर मोजते. मग माणूस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कामावर जातो. नेमके हेच हाडांचे सर्वांत नाजूक महिने. माझ्या मते सुटीच्या दिवशी रुग्णालयातून बाहेर पडण्यापूर्वी ‘तुम्ही काम काय करता, किती वजन उचलता’ हे विचारले जायला हवे. ते विचारले जात नसेल तर आपणच सांगावे. पूर्ण काम सोडण्याऐवजी कामाचा प्रकार बदलता येतो का, वर्षभर तरी पोते उचलण्याऐवजी दुसरे काम मिळते का, हे घरात आणि मुकादमाशी बोलून ठरवता येते. चालणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे हे मात्र चालू ठेवावे. अंथरुणात पडून राहिल्याने हाडे अधिक लवकर झिजतात.

बायकांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणे झाली. त्यातील २९ हजारांहून अधिक पुरुषांची आणि ६,९४५ स्त्रियांची. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. म्हणजे किडनी द्यायला बाई आणि घ्यायला पुरुष, असे हे व्यवहाराचे चित्र आहे. ज्या थोड्या बायकांना किडनी मिळते, त्यांच्या हाडांकडे पाहताना मराठवाड्यात एक प्रश्न आवर्जून विचारायला हवा: गर्भपिशवी काढली आहे का? आणि सोबत अंडाशयही काढले आहेत का? शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२ हजारांवर महिलांची माहिती घेतली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. आपल्या कळंब, भूम, वाशी भागातूनही टोळ्या कारखान्यावर जातात. अंडाशय काढले की तिशी-चाळिशीतच पाळी जाण्याची अवस्था येते आणि हाडांना राखणारे स्त्री-संप्रेरक आटते. त्यावर वर्षानुवर्षांचे किडनीचे दुखणे, त्यावर स्टिरॉइड. पस्तिशीच्या बाईची हाडे सत्तरीच्या बाईसारखी होऊ शकतात आणि तपासणाऱ्याच्या ते डोक्यातही येत नाही, कारण कागदावर वय पस्तीस असते. बायका स्वतःहून हे सांगत नाहीत. सोबत सासरा किंवा दीर असेल तर मुळीच नाही. प्रत्यारोपणाच्या विभागात समाजसेवा अधीक्षक किंवा समन्वयक असतात, त्यांच्याशी एकटीने बोलता येते.

तपासणीचे नाव डेक्सा स्कॅन. दहा-पंधरा मिनिटे टेबलावर आडवे पडायचे, सुई नाही, दुखत नाही, किरणांचे प्रमाण अगदी कमी. पाठीच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता मोजली जाते. उणे अडीच किंवा त्याहून खाली आकडा असेल तर हाडे ठिसूळ धरतात. पन्नाशीच्या आतल्यांसाठी डॉक्टर वेगळा आकडा पाहतात. स्टिरॉइड घेणाऱ्यांत घनता फार कमी नसतानाही हाड मोडू शकते, त्यामुळे ‘रिपोर्ट बरा आहे’ एवढ्यावर थांबू नये. पाठ दुखत असेल किंवा उंची कमी झाली असेल तर मणक्यांचा एक्स-रेही काढावा. जयंतीच्या किंवा इतर कार्यक्रमांच्या निमित्ताने हाडांच्या तपासणीची शिबिरे होतात, तिथे टाच एका छोट्या यंत्रात ठेवून आकडा देतात. प्रत्यारोपित रुग्णाने त्या कागदावर निर्णय घेऊ नये, घाबरूही नये आणि निश्चिंतही होऊ नये. त्याच कागदावर कुणी कॅल्शियमच्या डब्या विकत असेल तर हात जोडून निघावे.

कारण कॅल्शियमची गोळी या रुग्णाला मनाने घ्यायची नसते. डायलिसिसच्या काळात चेकाळलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी नवी किडनी बसल्यावरही बरेच महिने शांत होत नाहीत, आणि काहींच्या रक्तात कॅल्शियम आधीच जास्त असते. त्यात आणखी भर टाकली तर किडनीलाच त्रास. म्हणून आधी रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइडचे संप्रेरक पीटीएच तपासतात, मग ठरवतात. ड जीवनसत्त्वाचेही दोन प्रकार आहेत. ६०,००० युनिटची पुडी हे साधे ड जीवनसत्त्व. कॅल्सिट्रिऑल ही किडनीचे काम करून दिलेली, तयार अवस्थेतली गोळी. दोन्ही एकच समजून दुकानदाराने एकाऐवजी दुसरे दिले, असे होऊ नये.

‘आमच्याकडे उन्हाला काय तोटा?’ असे धाराशिवमध्ये कुणीही म्हणेल. परंतु प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे, विशेषतः अझाथायोप्रिनमुळे, उन्हाने त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे या रुग्णांना भर उन्हात बसू नका असेच सांगितले जाते. त्यांना ड जीवनसत्त्व औषधातूनच घ्यावे लागते.

खाण्यात एक गमतीचा आणि तितकाच नुकसानीचा प्रकार मी बऱ्याच घरांत पाहते. डायलिसिसवर असताना फॉस्फरसमुळे दूध, डाळी कमी करायला सांगितलेले असते. प्रत्यारोपणानंतर ती बंदी बहुतेकांची सैल होते, पण घरात ते कुणी सांगितलेलेच नसते. मग रुग्ण पुढची दोन वर्षे भाकरी आणि पातळ कालवणावर राहतो. ज्वारी आपली जिवाभावाची असली तरी कॅल्शियमच्या बाबतीत गरीब आहे. नाचणीत १०० ग्रॅमला ३००हून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ज्वारीत त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. उकळलेले दूध, दही, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला यांपैकी आपल्याला काय आणि किती चालेल, ते रक्ताचे रिपोर्ट दाखवून विचारावे. कुंथलगिरीच्या पेढ्यातही दूधच असते, असा युक्तिवाद एका आजोबांनी केला होता. स्टिरॉइडने साखर वाढते, त्यामुळे तो मान्य करता आला नाही. पपनस मात्र पूर्ण टाळावे. त्याने टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढते. तंबाखू, मिश्री, विडी, दारू बंद.

हाडांसाठी खास औषधेही आहेत. अलेंड्रोनेटची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी जुनी आणि तुलनेने स्वस्त. ती सकाळी उपाशीपोटी, चहा किंवा दुधासोबत नव्हे तर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. किडनीचे काम फार कमी असेल तर ही गोळी देत नाहीत. दात काढायचा असेल तर आधी काढून घेतात. मूल हवे असलेल्या तरुण बाईने तसे आधी सांगावे. दर सहा महिन्यांनी घेण्याचे डेनोसुमॅब हे इंजेक्शन सुरू केले तर तारीख चुकवून चालत नाही. ते एकदम सोडल्यावर मणके मोडल्याच्या नोंदी आहेत. पुण्याला सहा महिन्यांनी नक्की जाता येईल का, याचा विचार औषध निवडतानाच व्हायला हवा, आणि तो रुग्णाने बोलून दाखवला तरच होतो.

हे सगळे वाचून कुणी स्टिरॉइडची गोळी बंद करू नये. मनाने बंद केली तर किडनी नाकारली जाऊ शकते. शिवाय बरेच दिवस स्टिरॉइड घेतलेल्या शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे थांबवलेले असते. गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतते. काही केंद्रांत निवडक रुग्णांचे स्टिरॉइड लवकर काढून घेतात. तो निर्णय तिथल्या डॉक्टरांचा आणि रक्ताच्या अहवालांवर आधारलेला असतो.

पैशांचे बोलायचे तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्यात आली. यामुळे शस्त्रक्रिया आवाक्यात आली. नंतरचा प्रवास, मुक्काम, बुडालेली मजुरी आणि वर्षानुवर्षांच्या गोळ्या हे ओझे घरावरच राहते, आणि त्या ओझ्यात ‘हाडांची तपासणी’ सर्वांत आधी गळते. म्हणून ती वेगळी फेरी करून नव्हे, तर तिसऱ्या किंवा सहाव्या महिन्याच्या ठरलेल्या तपासणीच्या दिवशीच त्याच शहरात उरकावी. खर्चात काही सवलत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी फोन करून विचारावे.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळासाठी फुकटातले एक साधन प्रत्येक गावात आहे. अंगणवाडीत उंची मोजण्याची सोय असते. प्रत्यारोपणानंतर घरी आल्याच्या आठवड्यात चप्पल काढून, टाचा भिंतीला लावून उंची मोजावी आणि तारखेसह औषधाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहावी. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजावी. आशाताईंना सांगितले तर त्या आठवण ठेवतात. दोन सेंटीमीटरने उंची घटलेली दिसली, तर पाठ दुखत नसली तरी पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा आणि मणक्यांच्या एक्स-रेबद्दल विचारावे.